राजर्षी शाहू छत्रपती आणि हजेरीचा जाच

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले व १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यांच्या पुण्यचरित्रातील एकच प्रसंग आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांस हजेरी द्यावी लागे. हजेरीने जखडलेल्या माणसाने परगावी मजुरीस जावे तरी कसे? चोरी रोखण्याचा हा उपाय माणसास चोरीकडेच लोटीत असे. महाराजांनी हे वर्म ओळखून १९१८ साली हजेरी बंद केली. फासेपारध्यांना आश्रय देऊन त्यांनी पहाऱ्यावर नेमले. जग ज्यांना चोर म्हणे, त्यांच्याच हाती रखवाली सोपविली.

महाराज १९२२ साली निवर्तले. तो कायदाही १९५२ साली रद्द झाला. तथापि पारध्याचा मुलगा काम मागत दारी आला, तर आम्ही आधी त्याचे नाव विचारतो की घरातील वस्तू मोजतो? महाराजांची जयंती साजरी करताना प्रत्येक कुटुंबाने याचे उत्तर स्वतःशी द्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.