वाचकांचे इब्ने सफी

तेव्हाच्या अलाहाबाद जिल्ह्यात नारा नावाचे एक लहानसे गाव होते. २६ जुलै १९२८ रोजी या गावी सफीउल्लाह यांच्या घरी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव असरार अहमद असे ठेवण्यात आले. 'असरार' म्हणजे रहस्ये, हे उर्दू शिकणाऱ्या मुलांना सांगायला नको. हा मुलगा पुढे रहस्यकथाच लिहिणार आहे, हे मात्र त्या वेळी कोणाला ठाऊक असणार!

असरारला वाचनाचे वेड फार लवकर लागले. अवघ्या आठव्या वर्षी 'तिलिस्मे होशरुबा' या प्रचंड ग्रंथाचा पहिला भाग त्याच्या हाती पडला. भाषा कठीण होती. पुष्कळसे शब्द कळत नव्हते. तरी जादूगार, अय्यार आणि मायावी महाल यांच्या त्या गोष्टींनी त्याला असे काही पकडून ठेवले, की पुढे त्याने या ग्रंथाचे सातही भाग पुन्हापुन्हा वाचून काढले. रायडर हॅगार्ड या इंग्रज लेखकाच्या साहसकथाही त्याने उर्दू भाषांतरातून वाचल्या. दिवसभर या कथांचे वाचन आणि रात्री त्यांचीच स्वप्ने, असा त्याचा क्रम झाला.

सातवीत असताना त्याने स्वतः एक कथा लिहिली आणि मुंबईच्या 'शाहिद' या साप्ताहिकाकडे पाठवून दिली. संपादक आदिल रशीद यांना वाटले, की हे लेखक कोणी वयस्कर गृहस्थ असावेत. त्यांनी लेखकाच्या नावाआधी 'मुसव्विरे जज्बात' अशी भारदस्त उपाधी लावून ती कथा छापली. भावनांचा चित्रकार! घरातल्या मंडळींना मग थट्टेला विषयच मिळाला. ती मंडळी असरारला या उपाधीने हाक मारीत आणि पेलाभर पाणी आणायला सांगत.

पुढे ते कविता करू लागले. आपल्या गावाच्या नावावरून त्यांनी 'असरार नारवी' असा तखल्लुस घेतला. पुष्कळ वर्षे त्यांची ओळख कवी म्हणूनच होती. त्यांनी लिहिलेली एक गझल हबीब वली मुहम्मद या प्रसिद्ध गायकांनी गायिली आहे. रहस्यकथाकार म्हणून कीर्ती मिळाल्यावरही स्वतःला ते मनातून कवीच समजत असावेत, असे त्यांचे गद्य वाचताना वाटते. त्या गद्याला एक लय आहे.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. वडील कराचीला गेले. असरार अहमद आई आणि बहिणीसह अलाहाबादेतच राहिले. १९४८ मध्ये त्यांचे मित्र अब्बास हुसैनी यांनी 'नकहत' ही प्रकाशनसंस्था काढली. तिच्या मासिकाचा कविता विभाग असरार अहमद पाहू लागले. 'तुगरल फरगान' अशा गमतीदार टोपणनावाने ते विनोदी लेखही लिहीत. त्याच सुमारास त्यांनी माध्यमिक शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. प्रथम इस्लामिया स्कूल, नंतर यादगारे हुसैनी स्कूल. नोकरी करता करता त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी. ए. ची पदवी मिळवली.

शिक्षक, कवी आणि विनोदी लेखक अशा या तरुणाचे आयुष्य एका वादामुळे बदलून गेले. एकदा मित्रांची बैठक जमली होती. उर्दूत कोणती पुस्तके खपतात, यावर चर्चा चालू होती. कोणीतरी म्हणाले, की उर्दूत सवंग आणि अश्लील मजकुराशिवाय दुसरे काही खपत नाही. असरार अहमद यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की वाचकांना दुसरे चांगले काही कोणी देऊच करत नाही, मग ते वाचणार काय? मनोरंजक आणि तरीही स्वच्छ असे काही लिहिले, तर लोक ते आवडीने घेतील. बोलणे सोपे होते. पण बोललेले खरे करून दाखविण्याची जबाबदारी आता त्यांच्यावरच येऊन पडली. त्यांनी त्यासाठी रहस्यकथा निवडली. अब्बास हुसैनी यांनी दर महिन्याला एक कादंबरी छापण्याची तयारी दाखवली.

मार्च १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया' या मालेतील पहिली कादंबरी बाहेर पडली. तिचे नाव 'दिलेर मुजरिम'. लेखक म्हणून नाव छापले होते इब्ने सफी, म्हणजे सफी यांचा पुत्र. दूर कराचीला असलेल्या वडिलांचे नाव त्यांनी असे आपल्या पुस्तकावर आणले. या पहिल्या कादंबरीचे कथानक व्हिक्टर गन या इंग्रज लेखकाच्या पुस्तकावरून घेतलेले होते. सुरुवातीच्या आणखी काही कथानकांवरही असे ऋण होते. हे इब्ने सफी यांनी कधी लपवले नाही. त्यांनी ते स्वतःच लिहून जाहीर केले. पुढच्या कादंबऱ्यांत मात्र त्यांची स्वतःची प्रतिभा स्पष्ट दिसू लागली.

'जासूसी दुनिया'चा नायक कर्नल फरीदी आहे. तो श्रीमंत घराण्यातला, शिस्तीचा आणि कडक स्वभावाचा. बोलणे थोडे, काम फार. त्याचा सहायक कॅप्टन हमीद अगदी उलट! त्याला चैन हवी, थट्टामस्करी हवी. त्याने एक बोकडही पाळलेला आहे. यांच्या जोडीला कासिम नावाचा एक अवाढव्य देहाचा, प्रचंड खाणारा आणि मंद बुद्धीचा मित्र. वाचकाच्या अंगावर भीतीने काटा उभा राहावा आणि पुढच्याच पानावर त्याला हसू आवरू नये, ही किमया इब्ने सफी यांना साधली होती. जुन्या दास्तानांतील अय्यारांची युक्ती आणि नव्या काळातील गुप्तहेराचे शास्त्र यांचा त्यांनी सुरेख मेळ घातला.

ऑगस्ट १९५२ मध्ये ते आई आणि बहिणीसह कराचीला गेले. मालेला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. एखाद्याला वाटले असते, की आता अलाहाबादचा संबंध संपला. तसे झाले नाही. त्यांचे लेखन पुढेही अलाहाबादेत अब्बास हुसैनी छापत राहिले आणि कराचीतही त्याच्या आवृत्त्या निघू लागल्या. पुढे १९५७ मध्ये त्यांनी कराचीत स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. सीमेच्या दोन्ही बाजूंचे वाचक एकाच लेखकाच्या नव्या पुस्तकाची वाट पाहत. त्यांच्या कथा ज्या देशात घडतात त्या देशाचे नावही ते सांगत नसत. त्यामुळे भारतातल्या वाचकाला तो आपला देश वाटे आणि पाकिस्तानातल्या वाचकाला आपला.

१९५५ मध्ये त्यांनी 'इम्रान सीरीज' ही दुसरी माला सुरू केली. पहिली कादंबरी होती 'खौफनाक इमारत'. या मालेचा नायक अली इम्रान म्हणजे उर्दू साहित्यातील एक विलक्षण व्यक्ती. पाहणाऱ्याला तो शुद्ध वेडा वाटतो. चेहऱ्यावर मूर्खपणाचे भाव, तोंडात च्युइंगगम, बोलण्यात असंबद्धपणा. घरी सुलेमान नावाच्या आचाऱ्याशी त्याची रोज हुज्जत चालते. पण हाच इम्रान खरे तर 'एक्स टू' या नावाने गुप्तहेर खात्याचा प्रमुख आहे. त्याच्या हाताखालची माणसे दूरध्वनीवरून एक्स टूचे हुकूम घेतात, त्याला घाबरतात, आणि समोर बसलेल्या इम्रानची मात्र टिंगल करतात. हे गुपित वाचकाला माहीत असते. त्यामुळे त्याला वाचताना दुप्पट मजा वाटते.

इब्ने सफी यांच्या कादंबऱ्यांत गुन्हेगार कितीही हुशार असला, तरी शेवटी कायद्याचाच विजय होतो. अश्लील असे काही नाही. वडिलांनी वाचलेले पुस्तक मुलगा आणि मुलगी निःसंकोच वाचू शकत. मित्रांच्या बैठकीत बोललेला शब्द त्यांनी अशा रीतीने खरा केला. प्रत्येक कादंबरीच्या आरंभी ते 'पेशरस' लिहीत. त्यात ते वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत, कोणाची तक्रार मान्य करीत, तर कोणाची गोड थट्टा करीत. पुस्तके भाड्याने देणाऱ्या छोट्या वाचनालयांतून ही पुस्तके हातोहात फिरत. ज्यांना विकत घेणे परवडत नसे तेही त्यांचे वाचक होते, आणि अशा वाचकांची संख्याच फार मोठी होती.

१९५२ ते १९६० या सुमारे आठ वर्षांत त्यांनी दोन्ही मालांच्या मिळून सव्वाशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. म्हणजे महिन्याला एकाहूनही जास्त! त्या काळी संगणक नव्हता. सारे लेखन हाताने. इतके श्रम शरीराला आणि मनाला किती दिवस सोसणार?

१९६० मध्ये इब्ने सफी आजारी पडले. तो मनाचा आजार होता. डॉक्टर त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. माणसाला खरे काय आणि भास कोणता, हेच या आजारात कळेनासे होते. ज्या मनात शेकडो कथानके तयार होत होती तेच मन आता त्यांच्या ताब्यात राहिले नाही. लेखणी थांबली. एक वर्ष गेले, दुसरे गेले, तिसरेही उजाडले. नवी कादंबरी आली नाही.

बाजार मात्र थांबला नव्हता. या संधीचा लाभ घेऊन अनेकांनी नकली कादंबऱ्या काढल्या. उर्दूत केवळ एका तश्दीदने शब्द कसा बदलतो, ते तुम्ही जाणताच. काहींनी तेवढाच फरक करून 'इब्ने'चे 'इब्बन' केले आणि पुस्तकावर छापले. काहींनी आपल्या नावाला 'सफी' जोडून घेतले. फरीदी, हमीद, इम्रान यांना तर कोणीही उचलले. घाईत पुस्तक घेणारा फसत असे. पण दोन-चार पाने वाचताच त्याला कळून चुकत असे, की ही भाषा त्यांची नव्हे. माणसाचे नाव चोरता येते, त्याची शैली चोरता येत नाही. वाचक खऱ्या इब्ने सफींची वाट पाहत राहिले. त्यांच्यासाठी दोन्ही देशांत लोक प्रार्थना करीत होते.

कराचीचे हकीम इक्बाल हुसैन यांच्या उपचारांनी आणि घरच्या माणसांच्या सेवेने १९६३ मध्ये इब्ने सफी बरे झाले. बरे होताच त्यांनी इम्रान मालेतील 'डेढ मतवाले' ही कादंबरी लिहिली. २५ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतात तिचे प्रकाशन झाले ते लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते. शास्त्रीजी स्वतः अलाहाबादचेच कार्यकर्ते. त्यानंतर वर्षभराच्या आतच ते भारताचे पंतप्रधान झाले. एका रहस्यकादंबरीचे प्रकाशन एवढ्या मोठ्या नेत्याने करावे, ही गोष्ट साधी नाही. पुस्तकाची मागणी इतकी होती, की आठवड्याच्या आत दुसरी आवृत्ती काढावी लागली. तिचे प्रकाशन उत्तर प्रदेशचे मंत्री सय्यद अली जहीर यांनी केले. तीन वर्षे खोळंबलेल्या वाचकांनी आपल्या लेखकाचे असे स्वागत केले.

या आजारानंतर त्यांनी शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही मालांची मिळून संख्या सुमारे अडीचशेपर्यंत गेली. त्यांच्या एका कादंबरीवरून १९७४ मध्ये पाकिस्तानात 'धमाका' हा चित्रपट निघाला. भारतात त्यांच्या कादंबऱ्या हिंदीतही येत होत्या. हिंदीत फरीदीचा 'विनोद' झाला आणि इम्रानचा 'राजेश'. नावे बदलली, तरी हमीद हमीदच राहिला!

मराठी वाचकांना हे सारे वाचून बाबूराव अर्नाळकरांची आठवण होईल. अर्नाळकरांनी मराठीत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि हजारो लोकांना वाचनाची गोडी लावली. मोठ्या टीकाकारांनी मात्र त्यांना जवळ केले नाही. इब्ने सफी यांचेही तसेच झाले. रहस्यकथा म्हणजे हलके साहित्य, असे समजून विद्वानांनी बराच काळ त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील लेखक जावेद अख्तर यांनी मात्र हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. जबरदस्त, लक्षात राहणारे खलनायक कसे उभे करावेत, हे ते लहानपणी वाचलेल्या इब्ने सफींच्या कादंबऱ्यांतून शिकले. नंतर विद्वानांचेही मत बदलले. उर्दूचे श्रेष्ठ समीक्षक शम्सुर्रहमान फारुकी यांनी 'जासूसी दुनिया'तील चार कादंबऱ्यांचे स्वतः इंग्रजीत भाषांतर केले, आणि चेन्नईच्या एका प्रकाशनसंस्थेने ती पुस्तके काढली.

हा मान पाहायला इब्ने सफी नव्हते. १९७९ च्या अखेरीस त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे कळले. हा आजार बरा होण्यासारखा नव्हता. वेदना वाढत गेल्या, तरी त्यांनी लेखन सोडले नाही. २६ जुलै १९८० रोजी कराचीत त्यांचे निधन झाले. त्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली होती. उशाशी इम्रान मालेतील एका कादंबरीची अपुरी पाने होती. तिचे नाव त्यांनी ठेवले होते 'आखरी आदमी'.