मनोरमेची आई

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून पुण्यात माजलेला वाद यांचीच आठवण प्रथम होते. बृहन्महाराष्ट्रात संसार थाटलेल्या आम्हां मंडळींना मात्र त्यांचे आणखी एक रूप जवळचे वाटते. परप्रांतात, नात्यागोत्याचे कोणी जवळ नसता, तान्हे मूल वाढविणाऱ्या आईचे ते रूप आहे.

१८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाईंना सहा महिन्यांच्या असतानाच वेताच्या पेटाऱ्यात घालण्यात आले व तो पेटारा माणसाच्या डोक्यावर देऊन अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थाटनास निघाले. आई लक्ष्मीबाईंना दिवसा उसंत नसे. म्हणून त्या पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, झोपाळलेल्या लेकीला गोंजारून उठवीत आणि संस्कृतचा पाठ देत. पुढे दुष्काळात आईवडील गेले, १८८० साली भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणीपद्धतीने विवाह केला व आसामातील सिलचर येथे बिऱ्हाड मांडले.

१६ एप्रिल १८८१ रोजी तेथे कन्या झाली. तिचे नाव मनोरमा ठेवले, मनाला रमविणारी. हे सुख वर्षभरही टिकले नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने मेधावींचा अंत झाला. रमाबाई तेवीस वर्षांच्या. पोर दहा महिन्यांचीही नव्हती. माहेर नाही, आणि परजातीत विवाह केल्यामुळे जातीचाही आधार नाही.

त्या मुलीसह पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि त्या पुस्तकाच्या उत्पन्नाच्या आधारे १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन विलायत गाठली. वैद्यक शिकावयाचे होते. बहिरेपणामुळे ते साधले नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास असता मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू-शिकवू लागल्या, तेव्हा मनोरमेचा बराच काळ वाँटेजच्या भगिनींजवळ जाई. या भगिनींनी मुलीला जीव लावला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिला धर्माचे काय शिकवावे हे कोणी ठरवावयाचे? रमाबाईंचे म्हणणे स्पष्ट होते: मुलीच्या शिक्षणाचा निर्णय आईचा. ज्यांच्या घरी आपले मूल वाढते त्यांच्याशीच असा वाद घालावयाचा, तोही परदेशात आणि पदरी पैसा नसता! १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारातून ही ओढाताण जागोजागी दिसते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. मनोरमाही बरोबर होती. आनंदीबाईंचे स्वतःचे बाळ, त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असताना, दहा दिवसांतच गेले होते. त्या माउलीला ही लहानगी पाहून काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

पुढे मनोरमेला वाँटेजला धाडून रमाबाई अमेरिकेतच राहिल्या. व्याख्याने देत त्यांनी विधवांच्या शाळेसाठी निधी जमविला आणि बालोद्यान पद्धतीचे शिक्षणही घेतले. लेकीला दूर ठेवून परक्यांच्या लेकरांची चिंता वाहणाऱ्या आईस दोष देणे सोपे आहे. आम्हांस तो देववत नाही. कडेवर मूल घेऊन खंडभर हिंडणे अशक्य होते आणि मदतीला घरचे असे माणूसच नव्हते.

पदवीदान ११ मार्चला झाले होते; तीन वर्षांनी त्याच तारखेस मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. मग दुष्काळांतून आणलेल्या शेकडो मुली आणि तान्ही बाळे यांनी केडगावचे ‘मुक्ती सदन’ भरून गेले. जिला एकच मूल, तीही वाटून वाढवावी लागलेली, ती आता किती जणींची आई झाली!

मनोरमा शिकून पदवीधर झाली आणि आईच्याच कामात उभी राहिली. अंधांना ब्रेल शिकविण्यात व गुलबर्ग्याची शाळा चालविण्यात तिचा वाटा मोठा होता. आपल्यामागे संस्था तिने सांभाळावी असा रमाबाईंचा मानस होता. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमा आईआधी गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तेवढे हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही केडगावी देह ठेवला.