मायकेल फॅरडे आणि शब्दांचीं मुळें

इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकतां घोकतां विद्यार्थी कंटाळतात, आणि परीक्षा संपतांच तें पाठांतरही विसरून जातें. शब्दाचें मूळ ओळखलें असतां हें काम किती हलकें होतें, हें एका थोर शास्त्रज्ञाच्या चरित्रावरून चांगलें ध्यानांत येतें. नवल असें कीं, हे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे स्वतः ग्रीक शिकलेले नव्हते.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ न्यूइंग्टन येथें झाला. वडील लोहारकाम करीत. त्यांची प्रकृति बरी नसे आणि घरीं दारिद्र्य होतें. लिहिणें, वाचणें व थोडेंसें गणित एवढेंच शिक्षण मायकेलच्या वांट्यास आलें. ज्या शाळांतून सुखवस्तु घरांतील मुलें लॅटिन व ग्रीक शिकत, त्यांचें दार त्यास बंदच होतें. १८०५ सालीं, चौदाव्या वर्षीं, तो एका पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या दुकानीं सात वर्षांच्या करारानें उमेदवार म्हणून राहिला. तेथें बांधावयास आलेलीं पुस्तकें तो सवडीनें वाचून काढी. ज्ञानकोशांतील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट बाईंचें रसायनशास्त्रावरील पुस्तक यांनीं त्यास शास्त्राचें वेड लाविलें.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्रे डेव्ही यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें व्याख्यानांचीं टिपणें सुवाच्य अक्षरांत उतरून काढलीं, स्वतःच्या हातानें बांधलीं आणि नोकरीच्या विनंतीसह डेव्ही यांजकडे पाठविलीं. मार्च १८१३ मध्यें तो तेथें प्रयोगशाळेंत मदतनीस झाला. त्याच संस्थेंत, १८३१ सालीं, फॅरडे यांनीं चुंबकाच्या साह्यानें वीज उत्पन्न करण्याचें तत्त्व शोधून काढलें.

यानंतर अडचण आली ती शब्दांची. द्रवांतून वीज सोडली असतां त्यांतील घटक वेगळे होतात. यावर त्यांचे प्रयोग चालू होते. द्रवांत बुडविलेल्या दोन टोंकांस त्या वेळीं ध्रुव म्हणत. परंतु ध्रुव म्हटला कीं तो घटकांस आपणाकडे ओढतो असा समज होई, आणि प्रयोगांवरून तर फॅरडे यांस तसें दिसत नव्हतें. चुकीचें नांव चुकीची कल्पनाच रुजवितें, हें त्यांनीं ओळखलें. नवे शब्द हवे होते. पण ते घडविण्यास लागणारी ग्रीक भाषा त्यांस अवगत नव्हती.

त्यांनीं लाज धरली नाहीं. प्रथम एका डॉक्टर मित्राचें साह्य घेतलें. त्यांतून इलेक्ट्रोड हा शब्द मिळाला. मग एप्रिल १८३४ मध्यें त्यांनीं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांतील पंडित विल्यम ह्यूएल यांस पत्र लिहिलें. ह्यूएल हेही एका सुताराचे पुत्र. परंतु त्यांस ग्रीक शिकण्याची संधि मिळाली होती. त्यांनीं अ‍ॅनोड व कॅथोड हे शब्द सुचविले. ग्रीक भाषेंत होडॉस म्हणजे मार्ग, अना म्हणजे वर आणि काटा म्हणजे खालीं. पृथ्वीभोंवतीं पूर्वेकडून पश्चिमेकडे वीज वाहते असें मानून फॅरडे यांनीं दोन टोंकांचा विचार केला होता. म्हणून सूर्य वर येण्याच्या बाजूचें टोंक तें अ‍ॅनोड आणि खालीं जाण्याच्या बाजूचें तें कॅथोड. त्या टोंकांकडे जाणाऱ्या घटकांस आयन हें नांव मिळालें; त्याचा अर्थच जाणारें असा आहे.

विद्यार्थ्यांनो, आतां होडॉस हें एकच मूळ ध्यानांत ठेवून पाहा. एक्स म्हणजे बाहेर. इस्राएल लोक मिसर देशांतून बाहेर निघाले, त्या पुस्तकाचें इंग्रजी नांव एक्झोडस, आणि आपल्या पवित्र शास्त्रांत निर्गम. सिन म्हणजे एकत्र. मंडळ्यांचे प्रतिनिधि एकत्र जमतात ती सिनड. पेरी म्हणजे सभोंवार. फेरी पुरी करणारा काळ तो पीरियड, जो तुमच्या वेळापत्रकांतही आहे. मेटा म्हणजे मागोमाग. एखाद्या गोष्टीच्या मागावर राहण्याची रीत ती मेथड. एका किल्लीनें इतकीं कुलुपें उघडतात! मराठींतील धनाग्र व ऋणाग्र हे शब्दही असेच घडले आहेत. अग्र म्हणजे टोंक हें ठाऊक असलें कीं अर्थ आपोआप उलगडतो.

फॅरडे २५ ऑगस्ट १८६७ रोजीं निवर्तले. पुढें १८९७ सालीं इलेक्ट्रॉनचा शोध लागला व विजेविषयींच्या कल्पना पालटल्या. तरी हे शब्द टिकले, कारण टोंकें घटकांस ओढतात असा तर्क त्यांत नव्हता. मोठमोठे मान चालून आले असतां नाकारणाऱ्या या पुरुषास, जें आपणांस येत नाहीं तें दुसऱ्यास विचारण्यांत कमीपणा वाटला नाहीं. कठीण शब्द भेटला तर, मुलांनो, घोकण्यापूर्वीं त्याचें मूळ शोधा. आणि तें न सांपडलें तर निःसंकोच विचारा.