बाळू पालवणकर

चिखलीचे मैदान असो की आणखी कोणत्या गावचे, खेळावयास मुले जमली म्हणजे दोघे पुढे होतात व आळीपाळीने एकेक गडी आपल्या संघात घेतात. ज्याच्या अंगी कसब अधिक, त्याचे नाव आधी पुकारले जाते. गड्याची ही पारख किती सोपी वाटते! परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एका गड्याच्या बाबतीत ती फार अवघड होऊन बसली होती. त्या गड्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७५ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. त्या काळी या समाजास अस्पृश्य मानीत. वडील लष्कराच्या नोकरीत होते व बाळूंचे बालपण पुण्यास गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन ते आणि त्यांचे भाऊ क्रिकेट खेळू लागले.

पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांच्या पूना क्लबात बाळूंना काम मिळाले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, सरावाच्या जाळ्या बांधाव्या, मैदान आखावे, असे ते काम होते. वेतन महिना चार रुपये. तेथेच ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागले. ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. बाद झाला की तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. डाव्या हाताने टाकलेला त्यांचा चेंडू कधी आत वळे, तर कधी बाहेर. कधी हळू येई, तर कधी अवचित वेगाने. तेथे त्यांनी शेकडो तास गोलंदाजी केली. पण बॅट मात्र त्यांच्या हाती एकदाही देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबाच्या कानी गेली. गोऱ्यांना हरवावयाचे तर असा गोलंदाज हवाच. पण त्यांस संघात घ्यावे की नाही, यावरून सभासदांत वाद माजला. अखेर बाळूंची निवड झाली. ती निवड मैदानापुरतीच होती. खेळताना एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. चेंडू विटाळत नव्हता, पेला तेवढा विटाळत होता!

१८९६ च्या सुमारास ते मुंबईस आले व तेथील हिंदू संघाकडून खेळू लागले. १९०६ साली या संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. गोलंदाज म्हणून ज्यांनी त्यांची पारख केली, त्यांनाच नायक म्हणून ती करता आली नाही. १९२० साली शिवराम व विठ्ठल या भावांनी या अन्यायाच्या निषेधार्थ खेळण्यास नकार दिला. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वेळी बाळूंचा खेळ संपला होता; पण धाकट्या भावास त्या जागी पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.