हाडांतील बळरेषा वाचणारे थॉम्पसन

सजीवांचे आकार हे केवळ आनुवंशिकतेचे देणे नसून त्यांच्यावर अहोरात्र कार्य करणाऱ्या भौतिक बळांचीही ती निर्मिती असते, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी आग्रहाने मांडणारे स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ म्हणजे सर डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन.

२ मे १८६० रोजी एडिंबरा येथे त्यांचा जन्म झाला. त्यानंतर अल्पावधीतच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील ग्रीक-लॅटिनचे व्यासंगी अध्यापक होते, तर ज्यांच्या घरी ते वाढले ते आईचे वडील पशुवैद्य होते. अभिजात वाङ्मय आणि प्राणिशरीर या दोन्हींची ओढ त्यांना अशी घरातूनच लाभली. एडिंबरातील वैद्यकाचे शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांनी केंब्रिज येथे प्राणिशास्त्राचे अध्ययन केले आणि १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी, ते डंडी येथे प्राध्यापक झाले. १९१७ मध्ये ते सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गेले. दोन्ही ठिकाणची मिळून त्यांची प्राध्यापकी तब्बल ६४ वर्षांची भरते. अॅरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे त्यांनी केलेले भाषांतर १९१० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांची कीर्ती मात्र आजही टिकून आहे ती १९१७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' या ग्रंथामुळे. त्यात त्यांनी झुरिच येथील एक प्रसंग कथन केला आहे. १८६६ मध्ये अभियंते कार्ल कुलमान हे शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान मायर यांच्या विच्छेदनगृहात गेले असता मांडीच्या हाडाचा उभा छेद त्यांच्या दृष्टीस पडला. हाडाच्या टोकाशी असलेल्या जाळीतील बारीक पट्ट्या, वजन उचलणाऱ्या यारीतील ताण आणि दाब यांच्या रेषांप्रमाणेच मांडलेल्या होत्या. थॉम्पसन एवढ्यावर थांबले नाहीत. ताण हा स्वतःच वाढीला चालना देतो आणि म्हणून बदललेल्या भारानुसार हाडाची अंतर्रचनाही बदलते, हे त्यांनी ठामपणे प्रतिपादन केले.

समकालीन जीवशास्त्रज्ञांचे लक्ष त्या काळी उत्क्रांती आणि आनुवंशिकता यांकडे लागलेले होते. नैसर्गिक निवडीला थॉम्पसन यांनी दिलेले गौण स्थान अनेकांना मान्य होणारे नव्हते आणि ती त्यांच्या विचाराची मर्यादाही होती. ग्रंथाची शैली वाखाणली गेली, पण त्या वाटेने जाणारे थोडेच निघाले. पेशीला ताण जाणवतो तरी कसा, हे पाहण्याची साधनेही तेव्हा नव्हती. तरीही त्यांनी हा विषय सोडला नाही. १९४२ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, त्यांनी ग्रंथाची हजारांहून अधिक पृष्ठांची सुधारित आवृत्ती सिद्ध केली.

त्या प्रश्नाचे उत्तर पुढील पिढ्यांनी शोधले. पेशी भोवतालच्या तंतुजालाला धरून ओढते आणि मिळणाऱ्या प्रतिकारावरून त्याचा कठीणपणा अजमावते, हे आता ज्ञात आहे. मूलपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर वाढविल्यास चेतापेशींची, तर कठीण जेलवर हाडाच्या पेशींची लक्षणे दाखवू लागतात, असे अमेरिकेतील अॅडम इंगलर व डेनिस डिशर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले. हाडात खोलवर असलेल्या पेशी भार ओळखतात; त्यांच्या संकेतांनुसार काही पेशी जुने हाड विरघळवितात, तर काही नवे रचतात. कर्करोगाच्या अनेक गाठी हाताला कठीण लागतात, त्याचेही एक कारण भोवतालच्या ऊतींची पेशींनी केलेली अशीच फेररचना हे आहे.

जानेवारी १९४७ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनासाठी थॉम्पसन दिल्लीस आले होते, तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. २१ जून १९४८ रोजी सेंट अँड्र्यूज येथे त्यांचे निधन झाले. पेशी आणि बळे यांचा संबंध उलगडणारी आजची विज्ञानशाखा त्यांना आपल्या पूर्वसूरींत अग्रस्थान देते.