शिलिंगबाईंची पितळी टोपी

कार्ब्युरेटर म्हटलं की मला इंग्लंडच्या बिॲट्रिस शिलिंग (१९०९-१९९०) आठवतात. मँचेस्टरला इंजिनिअरिंग केलं. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर बाईंनी नॉर्टन ताशी १०६ मैलांनी पळवली! १९३६ मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत लागल्या.

१९४० च्या युद्धात स्पिटफायरने झटकन नाक खाली घातलं की मर्लिन इंजिन अडखळायचं. फ्लोट कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वर उसळायचं, मग एवढं आत शिरायचं की इंजिन गुदमरायचं. जर्मन मेसरश्मिटला फ्युएल इंजेक्शन, तो सुसाट निसटायचा. मागच्या पायलटचा जीव टांगणीला. बाईंनी पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली छोटी पितळी टोपी बसवली. फुल पॉवरला लागेल तेवढंच पेट्रोल, जास्त नाही. पूर्ण इलाज नव्हे, फार वेळ उलटं उडता यायचं नाहीच; पण मला हा जुगाडच जास्त आवडतो. १९४१ मध्ये मोटरसायकलवरून एकेका विमानतळावर जाऊन त्यांनी टोप्या बसवून घेतल्या.