डॉ. ना. भा. खरे : एका पहाटेचा निर्णय



सत्ता हाती असलेल्या माणसाने कुठे थांबावे, याची चर्चा दर निवडणुकीनंतर आपल्या पारावर रंगते. या प्रश्नाने आपल्याच प्रांतातल्या एका मोठ्या माणसाच्या आयुष्याला वळण दिले. ते म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी मुख्यमंत्री, डॉ. नारायण भास्कर खरे.

डॉ. खरे यांचा जन्म १८८४ साली पनवेलला झाला. त्यांचे शिक्षण जबलपूरला व पुढे लाहोरला झाले. तेथे एम.डी. होऊन त्यांनी नागपुरात वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. ते काँग्रेसमध्ये आले, 'तरुण भारत' साप्ताहिकाचे संपादक झाले आणि दिल्लीच्या कायदेमंडळात निवडूनही गेले. माणूस हुशार, पण बोलणे फटकळ.

१९३७ च्या निवडणुकीत आपल्या प्रांताच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले. तरी पक्षाने लगेच सत्ता घेतली नाही. १९३५ च्या कायद्याने इंग्रज गव्हर्नरला खास अधिकार दिले होते. ते अधिकार वापरून गव्हर्नर मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, एवढी हमी काँग्रेसला हवी होती. या एका मुद्द्यावर तीन महिने गेले. अखेर जुलै १९३७ मध्ये वर्ध्याच्या बैठकीत होकार मिळाला आणि डॉ. खरे मुख्यमंत्री झाले. गव्हर्नरच्या अधिकाराला असलेला हा विरोध आपण ध्यानात ठेवू या.

मंत्रिमंडळात वऱ्हाडचे दोघे होते, अकोल्याचे गोळे आणि आपल्या अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख. हिंदी भाषिक महाकोशलचे तिघे होते, रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता. या दोन गटांचे जमले नाही. मे १९३८ मध्ये सरदार पटेलांच्या उपस्थितीत पचमढीला समेट झाला, पण तो टिकला नाही.

२० जुलै १९३८ रोजी डॉ. खरे यांनी गोळे व देशमुख यांच्यासह राजीनामा दिला. मुख्यमंत्री गेला की सारे मंत्रिमंडळ जाते, असा त्यांचा हिशेब होता. महाकोशलचे तिघे मात्र पक्षश्रेष्ठींच्या आदेशाशिवाय राजीनामा देईनात. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी २१ जुलैच्या पहाटे त्यांना बडतर्फ केले आणि त्याच दिवशी डॉ. खरे यांनी नव्या मंत्र्यांसह शपथ घेतली. पक्षात मोठा गहजब झाला. २३ जुलैला त्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. २६ तारखेला वर्ध्यात, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, कार्यकारिणीने त्यांना दोषी ठरवले. दुसऱ्या दिवशी शुक्ल नेते निवडले गेले.

डॉ. खरे यांनी कायदा मोडला होता का? नाही. नको असलेल्या सहकाऱ्यांबरोबर काम करण्याची सक्ती मुख्यमंत्र्यावर नसावी, हेही खरे. पण गव्हर्नरच्या ज्या अधिकाराला अडवण्यासाठी पक्ष तीन महिने सत्तेबाहेर राहिला, तोच अधिकार त्यांनी स्वकीयांना घालवण्यासाठी वापरू दिला. कायद्याने करता येते आणि केले पाहिजे, या दोन गोष्टींत अंतर असते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुख्यमंत्री मतदारांना बांधील की पक्षश्रेष्ठींना, हा डॉ. खरे यांचा सवाल चुकीचा नव्हता. वर्ध्याची कार्यकारिणी आपल्या प्रांताच्या मतदारांनी निवडलेली नव्हती. एका बाजूने गव्हर्नरचा दरवाजा ठोठावला, दुसऱ्या बाजूने श्रेष्ठींचा. निवडून आलेल्या विधानसभेत या वादाचा निवाडा झालाच नाही.

पुढे डॉ. खरे १९४३ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या अपमानाविरुद्ध भारत सरकारने तेव्हा कडक पावले उचलली, त्यात त्यांचा वाटा मोठा. १९४७ साली ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. त्याच वर्षी तेथील मेव मुसलमानांवर भीषण अत्याचार झाले आणि हजारोंना घरदार सोडावे लागले. ज्याच्या हाती कारभार असतो, त्याला दुबळ्यांच्या रक्षणाचा जाब द्यावाच लागतो. नंतर ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, लोकसभेतही गेले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या पहाटेचा प्रश्न आजही संपलेला नाही. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी. ११ मे २०२३ रोजी महाराष्ट्राच्याच खटल्यात न्यायालयाने म्हटले की पक्षातील अंतर्गत भांडण मिटवायला बहुमत चाचणीचा वापर करता येत नाही.

बंधुभगिनींनो, राजभवन आपल्यापासून दूर आहे, पण ग्रामपंचायत, सोसायटी, बचत गट आणि आपली पॅरिश कौन्सिल जवळ आहे. तेथेही मतभेद होतात, आणि वरच्या माणसाला गाठून विरोधकाचे नाव कापून आणणे सोपे असते. उद्या तोच वरचा माणूस आपलेही नाव कापू शकतो. म्हणून भांडण असेल तर ते बैठकीत, सर्वांसमोर मांडावे, आणि बैठकीचा कौल आपल्याविरुद्ध गेला तरी मानावा.

आपला,
धर्मगुरू